मॅन्युअल लिहायला वेगळा माणूस कशाला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका ओळीत म्हणून गेले होते की मॅन्युअल हा प्रॉडक्टचाच एक पार्ट असतो, बॉक्समध्ये टाकायचा कागद नसतो. त्यावर एवढे मेल आले की यावेळी दुसरा विषय घेतच नाहीये. निम्मे लोक चिडलेत आणि उरलेल्यांना यात करिअर करायचंय. नावं छापत नाही कारण बऱ्याच जणांनी आपापल्या कंपनीबद्दल मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न : नमस्कार मॅडम, भोसरी एमआयडीसीत आमचं पाऊच पॅकिंग मशीनचं युनिट आहे, मसालेवाले, चहावाले, डिटर्जंटवाले आमची मशीन घेतात. आजवर मॅन्युअल आमचा डिझाइन इंजिनिअरच लिहायचा, मशीन त्याने बनवलंय तर त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. आता जर्मनीतल्या एका पार्टीने मशीन घ्यायचं कबूल केलं पण मॅन्युअल परत पाठवलं, म्हणे हे चालणार नाही. एका टेक्निकल रायटरकडून, म्हणजे मॅन्युअल लिहिणाऱ्याकडून, कोटेशन मागवलं तर मुलगा म्हणतो बाबा एवढ्या पैशात एक फिटर ठेवता येईल. इंग्रजी आमच्या इंजिनिअरचंही चांगलं आहे. मग हा जास्तीचा खर्च का करावा, हे पटेल असं सांगा. (एक उद्योजक, भोसरी)

उत्तर : मुलाला सांगा फिटरच्या पगाराशी तुलना करू नकोस, सर्व्हिस इंजिनिअरच्या प्रवासखर्चाशी कर. इंदूरला, राजकोटला, कोईमतूरला तुमचा माणूस वर्षात किती वेळा जातो आणि त्यातल्या किती वेळा तिथे जाऊन नुसतं एखादं सेटिंग बदलून परत येतो हे त्याच्या रिपोर्टमधून काढा. तो आकडा तुमच्याकडेच आहे, मला विचारायची गरज नाही.

आता इंग्रजीचं. तुम्ही मेलसोबत मॅन्युअलची काही पानं पाठवलीत ते फार बरं केलंत. मराठी कॉपीतलं हे वाक्य बघा (सीलिंग जॉ म्हणजे पाऊच गरम दाबून चिकटवणारा जबडा, टेफ्लॉन म्हणजे त्यावरची न चिकटणारी टेप, इंटरलॉक म्हणजे गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) : "सीलिंग जॉचे तापमान योग्य प्रमाणात सेट करून मशीन सुरू करण्यापूर्वी सर्व इंटरलॉक तपासून घ्यावेत व आवश्यकता भासल्यास टेफ्लॉन बदलावे, जॉ गरम असल्याने काळजी घ्यावी." व्याकरण ठीक, शुद्धलेखन ठीक, इंग्रजी कॉपीतही असंच ठीकठाक आहे. पण समजा मी ऑपरेटर आहे, मसाल्याच्या कारखान्यात रात्रपाळीला, गेल्याच आठवड्यात कामावर लागलेय, सुपरवायझर घरी गेलाय. योग्य प्रमाण म्हणजे किती डिग्री? कुठल्या फिल्मला किती? तुमच्या इंजिनिअरला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल की ह्या जाडीच्या लॅमिनेटला एवढं आणि साध्या पॉलिथिनला एवढं, पण कागदावर ते कुठेच नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नाहीच, ते तर सगळ्यांना माहीतच असतं ना. इंटरलॉक सर्व म्हणजे किती आणि ते बसवलेत कुठे, तपासायचे म्हणजे गार्ड उघडून मशीन थांबतं का ते बघायचं की नुसतं डोळ्याने बघायचं? टेफ्लॉन बदलायची आवश्यकता भासते कधी, काळं पडल्यावर, फाटल्यावर, की ठरावीक तासांनी? आणि सगळ्यात वाईट म्हणजे जॉ गरम आहे हे शेवटी सांगितलंय. माणूस एक ओळ वाचतो तेवढं करतो, पुढची वाचतो तेवढं करतो. टेफ्लॉन बदला इथवर तो पोचला तेव्हा त्याचा हात दीडशे डिग्रीच्या जॉवर पडलाय आणि मग मॅन्युअल म्हणतं काळजी घ्यावी.

रायटर काय करेल तर पहिल्यांदा इशारा उचलून वर नेईल, चौकटीत, की जॉ बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, हात भाजेल. मग एका वाक्यात एकच कृती. मेन स्विच बंद करा. डिस्प्लेवर जॉचं तापमान ४० डिग्रीच्या खाली आलं की गार्ड उघडा. जुनी टेफ्लॉन टेप काढा. वगैरे. पण थांबा, इथे कोणीही नीट लिहिणारा अडकेल, कारण मेन स्विच बंद केला की डिस्प्लेही बंद होणार, मग तापमान बघायचं कुठे? म्हणजे आधी फक्त हीटर बंद करायचा, तापमान उतरलेलं बघायचं आणि मग मेन स्विच. तुमच्या मशीनला हीटरचा वेगळा स्विच आहे का? पाठवलेल्या पानांवर तर दिसला नाही. नसेल तर हा आता मॅन्युअलचा प्रश्न राहिलाच नाही, डिझाइनचा झाला, आणि तो तुम्हाला ग्राहकाकडे कोणाचा हात भाजायच्या आधी कळला. मी तरी या कामाची खरी किंमत इथे लावते. रायटर मशीनपाशी उभा राहून जे बाळबोध प्रश्न विचारतो, ज्याने इंजिनिअर वैतागतो, त्यासाठी तुम्ही पैसे देताय. टायपिंग काय, कोणीही करेल.

त्यामुळे इंजिनिअरला बाजूला काढू नका हं. माहिती सगळी त्याच्याकडेच आहे, ती काढून घेणारा माणूस हवाय. रायटरला पहिला दिवस ऑफिसात बसवू नका, शॉप फ्लोअरवर पाठवा, शक्य झालं तर एखाद्या ग्राहकाच्या कारखान्यातही. आणि जो रायटर म्हणेल की मजकूर मेल करा मी नीट करून देतो, त्याला काम देऊ नका, तो स्वस्तात पडेल पण तुम्हाला परत हेच मिळेल, फक्त फॉन्ट चांगला.

जर्मन पार्टीचा नखरा नाहीये हा. युरोपात मशीन विकायचं तर सीई मार्क, म्हणजे युरोपचे सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण, लागतो आणि त्यामागे मशिनरी डायरेक्टिव्ह हा तिकडचा नियम आहे, २००६/४२, त्याच्या पहिल्या परिशिष्टात मॅन्युअलमध्ये काय काय पाहिजे याची लांबलचक यादी आहे. मशीन कशासाठी वापरायचं, कशासाठी वापरायचं नाही (लोक हमखास जो चुकीचा वापर करतात तोसुद्धा), सगळे गार्ड लावूनही जो धोका शिल्लक राहतो तो, उचलताना-हलवताना काय, मेंटेनन्स कोणता आणि कधी. आवाजसुद्धा, म्हणजे ऑपरेटरच्या जागी ७० डेसिबलच्या वर जात असेल तर किती ते लिहायचं, जात नसेल तर जात नाही असं लिहायचं. मॅन्युअल ज्या देशात मशीन जाणार त्या देशाच्या भाषेत द्यायचं, म्हणजे तुम्हाला जर्मन, आणि त्यावर हे मूळ आहे की मुळाचं भाषांतर आहे ते छापायचं, भाषांतर असेल तर मूळ प्रतही सोबत. २० जानेवारी २०२७ पासून याच्या जागी नवं रेग्युलेशन लागू होतंय, २०२३/१२३०, त्यात डिजिटल मॅन्युअल चालतं पण घेताना ग्राहकाने कागदी प्रत मागितली तर महिनाभरात फुकट द्यावी लागते आणि ऑनलाइन प्रत निदान १० वर्षं तरी उपलब्ध ठेवावी लागते. हे सगळं तुमच्या डिझाइन इंजिनिअरने रात्री घरी जाऊन वाचावं अशी अपेक्षा आहे का? कोटेशन देणाऱ्या रायटरला विचारा की तुम्ही सीईचं मॅन्युअल आधी केलंय का, एखादा नमुना दाखवा. तो गडबडला तर दुसरा बघा.

आणि हो, सगळ्याच मशीनना एवढं लागत नाही. शेजारच्या शेडवाल्याला एखादं जिग (काम करताना वस्तू धरून ठेवायचा साचा) बनवून दिलंत तर लॅमिनेट केलेला एक कागद पुरे, फोटो आणि पाच ओळी.

प्रश्न : मॅडम, माझं गीझर आणि मिक्सरचं सर्व्हिस सेंटर आहे. मॅन्युअल कोणी वाचत नाही हो. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढत नाहीत, सरळ फोन करतात. मग चांगलं लिहा नाहीतर वाईट लिहा, फरक काय पडतो? (नाशिक)

उत्तर : पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, बरोबर आहे, आणि हे आत्ताचं नाही. १९८० च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन रिसर्च सेंटरमध्ये जॉन कॅरोल आणि त्याच्या सोबतच्यांनी ऑफिसातल्या लोकांना वर्ड प्रोसेसर शिकताना शेजारी बसून बघितलं. तेव्हा सोबत जाडजूड स्वयंअभ्यासाची पुस्तकं असायची, अगदी पायरी पायरीने शिकवणारी. लोक काय करायचे, तर प्रस्तावना सोडायची, मधलंच पान उघडायचं, अर्धी सूचना वाचून बटण दाबायचं आणि अडकल्यावर पुस्तकात शोधायला लागायचं की आता बाहेर कसं यायचं, आणि नेमकं तेच पुस्तकात नसायचं. मग त्यांनी उलटं केलं, पुस्तक पार बारीक केलं, पहिल्या पानापासून खरं काम करायला दिलं आणि चुकल्यावर काय करायचं ते जिथे चूक होते तिथेच लिहिलं. लोक लवकर शिकले. मिनिमलिझम म्हणतात त्याला, आजही आमच्या कामाचा पाया तोच.

तेव्हा वाचत नाहीत म्हणून कसंही लिहा हा निष्कर्ष निघत नाही, वाचत नाहीत हे धरून लिहा असा निघतो. तुमच्याच गीझरचं बघा. टाकीत पाणी भरल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही, एलिमेंट जळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, अशी किती एलिमेंट बदलली असतील तुम्ही. ही सूचना असते कुठे? पान ९ वर, वॉरंटीच्या अटी आणि पंधरा भाषांतल्या नमस्काराच्या मधे. ती पाहिजे प्लगवर अडकवलेल्या टॅगवर, असा की तो काढल्याशिवाय प्लग सॉकेटमध्ये जाणारच नाही. चार शब्द आणि एक चित्र. रायटरचं काम कुठली ओळ कुठे ठेवायची हे ठरवणंही आहे, आणि बऱ्याच ओळी काढून टाकणंही.

कायद्याचंही थोडं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं अख्खं प्रकरण आहे, जुलै २०२० पासून लागू. कलम ८४ मध्ये उत्पादक कधी जबाबदार ठरतो ते दिलंय, त्यात बनवण्यातला दोष आहे, डिझाइनमधला आहे, आणि इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसणं हेही आहे. म्हणजे वस्तू उत्तम पण सूचना अपुरी, तरी दावा होऊ शकतो. जो धोका कोणालाही उघड दिसतो त्याला सूट आहे, पण पुरेशी म्हणजे किती यावर वकील भांडणार, आणि तेव्हा कंपनीच्या हातात तेच नऊ नंबरचं पान असणार.

प्रश्न : हाय, आम्ही खराडीत एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो, हॉस्पिटल बिलिंग आणि लॅब रिपोर्ट. आमचा यूआय, म्हणजे स्क्रीनवरची बटणं, फॉर्म वगैरे, इतका क्लीन आहे की डॉक्युमेंटेशनची गरजच पडू नये असं आमचं म्हणणं आहे. एरर आला तर कोड दिसतो, क्लायंट कोड पाठवतो, आम्ही सोडवतो. हे पुरेसं नाही का?

उत्तर : हॉस्पिटल म्हणालात म्हणून एक जुनी केस सांगते, तुमच्या टीमला कदाचित कॉलेजात शिकवलीही असेल पण तिची ही बाजू शिकवत नाहीत.

थेरॅक-२५ नावाचं, रेडिएशनने कॅन्सरवर उपचार करायचं मशीन, कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीचं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा पेशंटना त्या मशीनमधून प्रचंड जास्त डोस गेला, त्यातले काही दगावले. मूळ कारण सॉफ्टवेअरमधली गडबड आणि आधीच्या मॉडेलमध्ये असलेले हार्डवेअरचे इंटरलॉक काढून टाकणं, याबद्दल वाद नाही. पण मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी काय झालं ते बघा. ऑपरेटर अनुभवी होती. तिच्याकडून उपचाराच्या प्रकारात इलेक्ट्रॉनच्या जागी एक्स-रे टाइप झालं, तिने कर्सर वर नेऊन पटकन दुरुस्त केलं आणि बीम सुरू केला. मशीन थांबलं आणि स्क्रीनवर आलं : मालफंक्शन ५४. बस, एवढंच. मशीनला लावलेल्या एका कागदावर त्याचा अर्थ होता "डोस इनपुट २". ऑपरेटरला दिलेल्या मॅन्युअलमध्ये मालफंक्शनच्या कोडचा उल्लेखसुद्धा नव्हता. नंतर कंपनीच्या टेक्निशियनने साक्षीत सांगितलं की डोस इनपुट २ म्हणजे डोस एकतर फार जास्त गेलाय किंवा फार कमी. स्क्रीनवर तर कमी गेल्याचं दिसत होतं. असे बारीकसारीक कोड त्या मशीनवर रोज यायचे, पी दाबलं की मशीन पुढे चालू व्हायचं, सगळे तेच करायचे, तिनेही पी दाबलं. आत पेशंटला दुसऱ्यांदा झटका बसला. त्या दिवशी आतलं-बाहेरचं ऐकू येणारा इंटरकॉम आणि कॅमेरा दोन्ही बंद होते. तो माणूस पाच महिन्यांनी गेला. तीन आठवड्यांनी त्याच हॉस्पिटलात आणखी एकाला तोच कोड, तसाच प्रचंड डोस.

आता विचार करा, डेव्हलपरांच्या टीममध्ये एक माणूस असा असता ज्याचं कामच प्रत्येक कोडपुढे तीन गोष्टी लिहायचं आहे, काय झालं, का झालं असेल, आता काय करायचं. ५४ पाशी आल्यावर तो विचारायला जाणारच की जास्त की कमी? आणि आपल्यालाच माहीत नसेल तर पी दाबून पुढे कसं जाऊ देतोय? बग त्याने सापडला असता असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न टेबलावर आला असता, आणि निदान "पेशंटला तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका" ही ओळ तरी.

तुमचं बिलिंग आहे, माणूस मरणार नाही, मान्य. पण लॅब रिपोर्टही आहे ना? रात्री दोन वाजता रिपोर्ट अडकला आणि स्क्रीनवर नुसता कोड आला तर लॅबवाला काय करेल ते तुम्ही ठरवलेलं नाही, त्याच्यावर सोडलंय. सुरुवात एवढीच करा, सगळ्या एररची यादी काढा आणि प्रत्येकापुढे ह्या तीन गोष्टी लिहा. डेव्हलपरकडून लिहून घ्या आणि मग बाहेरच्या माणसाला वाचायला द्या. निम्म्यापुढे "अनएक्स्पेक्टेड एरर, काँटॅक्ट ॲडमिन" असं आलेलं दिसलं की मग रायटरची जाहिरात द्या.

क्लीन यूआयबद्दल एवढंच की यूआयमधली बटणांवरची, फॉर्मवरची प्रत्येक ओळ हे डॉक्युमेंटेशनच आहे, कोणीतरी लिहिलीच आहे ती. एपीआय, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरने तुमचं सॉफ्टवेअर वापरायची सोय, असेल तर विषयच संपला, समोरच्या डेव्हलपरला तुमचा यूआय दिसतच नाही, त्याच्यासाठी डॉक्स हेच प्रॉडक्ट.

प्रश्न : ताई, आमचं कृषी सेवा केंद्र आहे. कीटकनाशकाच्या बाटलीसोबत घडी घातलेला कागद येतो, तो शेतकरी दुकानासमोरच फेकून जातो. अक्षर मुंगीएवढं, मला चष्मा लावून वाचता येत नाही. पण आतली माहिती तर कामाची असते. याला कोण जबाबदार? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, या महिन्यात आलेल्या सगळ्या पत्रांत हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

कायदा आहे, जुना आहे, १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम. पत्रकात औषध कुठल्या पिकाला, कुठल्या किडीला, कसं वापरायचं, विषबाधेची लक्षणं कोणती, उतारा काय, रिकामा डबा कसा नष्ट करायचा हे सगळं द्यावंच लागतं, हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एखाद-दुसऱ्या भाषेत. कंपनी ते देते. म्हणजे नियमाच्या नजरेने बघितलं तर काम झालं, शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर काहीच झालं नाही. कारण सगळ्या भाषा, सगळी पिकं, सगळे इशारे एकाच कागदावर कोंबायचे म्हटल्यावर अक्षर मुंगीएवढंच होणार.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण तेवढा चांगला विचार करून केलेला आहे. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असं उतरत. पण तुम्हीच सांगा, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीजणांना हिरवा म्हणजे सुरक्षित असं वाटतं? शेतीत हिरवा रंग बघून कोण घाबरेल? आणि हिरव्या त्रिकोणाचं औषधही विषच आहे, फक्त वरच्या तिघांपेक्षा कमी.

२०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं दगावली आणि शेकडो हॉस्पिटलात पोचली, ते तुम्ही जवळून बघितलंय. त्या वर्षी कापूस माणसाएवढा वाढलेला, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता, बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगात मास्क-हातमोजे काही नाही, अशी कारणं तेव्हा पुढे आली. चांगलं पत्रक असतं तर हे टळलं असतं असं म्हणणं म्हणजे सगळं खापर कागदावर फोडणं झालं, त्यात मजुरी आहे, गरिबी आहे, तपासणीही आहे. पण एक बघा, औषधं एकत्र कालवू नका ही ओळ मजुरापर्यंत पोचायची तर ती कागदात असून उपयोग नाही कारण फवारणारा मजूर दुकानात येतच नाही, कागद त्याच्या हातात पडतच नाही. मालक बाटली आणतो, मजूर पंप भरतो. म्हणून वाचणारा कोण, तो कुठे उभा आहे, त्याच्या हातात त्या वेळी काय आहे, हे आधी शोधायचं आणि मग लिहायचं. त्याच्या हातात झाकण असतं. मग झाकणावर, मापाच्या कपावर चित्र पाहिजे, एका पंपाला किती झाकणं तेसुद्धा तिथेच. कपाशीवालं पत्रक कपाशीच्या पट्ट्यात, द्राक्षावालं नाशिकला, सगळं एकात नको.

तुम्ही दुकानदार म्हणून एक करू शकता. जास्त खपणारी जी औषधं आहेत त्यांच्या पत्रकातली लक्षणांची आणि उताऱ्याची ओळ शब्दही न बदलता मोठ्या अक्षरात काउंटरवर लावा, आणि बिल देताना सांगा की विषबाधा झाली तर बाटली आणि कागद दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला पहिलं तेच लागतं. डोस मात्र आपल्या मनाने लिहून लावू नका.

प्रश्न : आता चॅटजीपीटी पाच मिनिटांत मॅन्युअल लिहून देतं. मग हे सगळं कशाला? (ठाणे)

उत्तर : देतं, आणि भाषा चांगली देतं, मीही पहिल्या खर्ड्यासाठी, मथळे लावायला, लांबलेली वाक्यं तोडायला वापरते. वर भोसरीच्या जॉचा प्रश्न आहे तो त्याला विचारून बघा. जॉ थंड व्हायला किती वेळ लागतो हे ते बेधडक सांगेल, आकड्यासकट, मशीन न बघता. तो आकडा बरोबर आहे का हे बघायला स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी कोणीतरी उभं राहायलाच लागतं. ज्यांचं काम फक्त दुसऱ्याने दिलेला मजकूर सजवणं होतं त्यांची नोकरी जाणार, काहींची गेलीही, ते लपवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, इंग्रजी घेऊन बीए केलंय, एमए करतेय. टेक्निकल रायटिंगमध्ये यावं का? मैत्रीण म्हणते इंजिनिअरिंग लागतं, काका म्हणतात एआयमुळे फील्ड संपलं. कुठला कोर्स करू?

उत्तर : काकांचं उत्तर वर आलंय. त्यांच्याकडे अजून एक मुद्दा असेल की अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, १९५३ पासूनची मुळं असलेली, भारतातही जिचा चॅप्टर होता, ती जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. संस्था बंद पडली हे खरं, काम बंद पडलेलं नाही. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या पट्ट्यात सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये रायटर आहेत, फक्त पदाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, इन्फॉर्मेशन डेव्हलपर, कंटेंट डेव्हलपर, यूएक्स रायटर, तेव्हा शोधताना सगळी टाकून शोध.

इंजिनिअरिंग लागत नाही पण वस्तू उघडून बघायची खाज लागते. साहित्याच्या मुलांची अडचण काय होते सांगू, एकच शब्द परत आला की त्यांना राहवत नाही, शाळेपासून तसं शिकवलेलं असतं, मग पहिल्या पायरीत बटण, दुसरीत कळ, तिसरीत स्विच. आमच्याकडे एका वस्तूला एकच नाव, शंभर वेळा आलं तरी तेच, नाहीतर वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो. विमानांच्या मेंटेनन्ससाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणून नियमावली आहे, त्यात मंजूर शब्दच साधारण ९००, कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, एका वाक्यात एक सूचना. तुला आधी वैताग येईल. पण त्या ९०० शब्दांत सायकलचं पंक्चर कसं काढायचं ते लिहून बघ, दोन दिवसांत कळेल हे काम आवडतंय की नाही.

पैसे भरून कोर्सला लगेच जाऊ नकोस. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे धडे फुकट आहेत, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल दोघांच्या स्टाइल गाइड ऑनलाइन फुकट आहेत, त्या आधी वाच. मार्कडाउन (साध्या मजकुराला मथळे, याद्या लावायची पद्धत) आणि गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) शिक, आठवड्याचं काम आहे. डिटा नावाचं एक्सएमएल स्टँडर्ड, म्हणजे मजकुराचे तुकडे खुणा लावून साठवायची ठरलेली पद्धत, आहे, आयबीएममध्ये जन्मलेलं, मोठ्या कंपन्या वापरतात, त्यात एकच इशारा एकदा लिहून चाळीस मॅन्युअलमध्ये वापरता येतो, त्याची निदान तोंडओळख हवी. आणि एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा सॉफ्टवेअरचं, डॉक्युमेंटेशन घे, त्यातली इन्स्टॉल करायची पायरी स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघ, जिथे अडकशील तिथे दुरुस्ती पाठव. अडकणारच.

इंटरव्ह्यूला जाताना तीन नमुने पुरेत, त्यातला एक आधी आणि नंतर असा. एमएचा प्रबंध जोडू नकोस, कोणी उघडणार नाही. त्यापेक्षा तुमच्या साताऱ्यातल्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये जा, त्यांचं एखादं मशीन कसं चालू करायचं ते दोन पानांत लिही, तिथल्या नव्या पोराला ती पानं दे आणि तो करत असताना तोंड बंद ठेवून शेजारी उभी राहा. तो कुठे थांबला ते लिहून घे, पानं सुधार, परत दे. दोन्ही आवृत्त्या आणि मधली टिपणं नमुन्यात लाव. मी इंटरव्ह्यू घेत असले तर पहिल्यांदा ती टिपणं मागेन.